अंड्यांचे बारा ट्रे

नवऱ्याला मोशीजवळच्या साखर कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कराडहून टांझानियात गेलो. आपल्या ऊसपट्ट्यातली माणसं पूर्व आफ्रिकेतल्या कारखान्यांत जाणं काही नवीन नाही. युगांडा असो, केनिया असो, टांझानिया असो, कारखान्याच्या कॉलनीत एखादा चीफ केमिस्ट कोल्हापूरचा निघतो, एखादा पॅनमन सांगलीकडचा. प्रश्न असतो तो बायकांनी तिथं दिवसभर करायचं काय, हा. माझ्यापुरता तो लवकर सुटला. माझं एम.एस्सी., बी.एड. झालेलं होतं, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवल्याची काही वर्षं गाठीला होती, आणि टांझानियात गणिताचे शिक्षक कधीच पुरेसे नसतात. मोशीबाहेरच्या एका खासगी निवासी माध्यमिक शाळेनं मला घेतलं. शाळेचं नाव सांगत नाही. जे सांगायचं आहे ते त्या एका शाळेपुरतं नाहीच.

मुलाखतीत हेडमास्तरांनी विचारलं, "स्वाहिली येते का?" मी जरा ओशाळूनच नाही म्हटलं. ते खूश झाले. "उत्तम. म्हणजे मुलांशी स्वाहिलीत बोलायचा मोह तुम्हाला होणार नाही."

या खुशीचं कारण समजायला आम्ही तिथं होतो तेव्हाची शाळेची रचना सांगावी लागेल. टांझानियात शाळा जानेवारीत सुरू होते. प्राथमिकची सात वर्षं, स्टँडर्ड वन ते स्टँडर्ड सेव्हन, सरकारी शाळेत सगळं स्वाहिलीतून. सातवीची बोर्डाची परीक्षा सप्टेंबरात, तीही स्वाहिलीतून. मग मूल तीन-चार महिने घरी राहतं, आईला बाजारात मदत करतं, गुरं राखतं आणि जानेवारीत फॉर्म वनला येऊन बसतं. त्या दिवसापासून गणित, भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, सगळं इंग्रजीतून. स्वाहिली उरते ती एक विषय म्हणून. मधे पायरीच नाही. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजीचा उजळणीवर्ग चालतो, पण तेवढ्यात 'माय नेम इज'पासून 'फोटोसिंथेसिस'पर्यंत कोण पोचणार?

आमच्या कॉलनीच्या वॉचमनची मुलं जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत जायची. तिथं मी अधूनमधून डोकवायची. वर्गात पाऊल टाकलं की सगळी पोरं उभी राहून एका सुरात 'शिकामू, म्वालिमू' म्हणायची. शिकामू हा मोठ्यांना करायचा नमस्कार. मोठ्यांनी त्याला 'मराहाबा' म्हणायचं असतं. एकेका वर्गात साठ-सत्तर मुलं, एका बाकावर चार-चार, पण वर्ग जिवंत. बाई फळ्यावर बेरीज लिहायच्या आणि हात वर करून पोरं अक्षरशः बाकावर चढायची. कुणी चुकलं की दुसरा ओरडून दुरुस्त करायचा. माझ्या फॉर्म वनच्या वर्गात मुलं निम्मी, बाकं नवी, फळा चकचकीत, आणि शांतता अशी की पंख्याचा आवाज ऐकू यावा. "अंडरस्टूड?" "येस, मॅडम." "एनी डाउट?" "येस, मॅडम." "नो डाउट?" "येस, मॅडम." ही तीच मुलं होती, चार महिन्यांपूर्वी बाकावर चढणारी.

हे असं का झालं, याची गोष्ट वाईट हेतूंची नाही, उलट चांगल्या हेतूंची आहे. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शाळामास्तर. लोक त्यांना शेवटपर्यंत 'म्वालिमू' म्हणजे गुरुजीच म्हणत आले. देशात सव्वाशेच्या आसपास भाषा, त्यांतली कुठलीच डोईजड नाही, आणि किनाऱ्यावरून व्यापारी वाटांनी आत पसरलेली स्वाहिली सगळ्यांना थोडीफार येणारी. न्येरेऱ्यांनी तिलाच देशाची भाषा केलं. 1967मध्ये देशाला समाजवादाची दिशा देणारी आरुशाची घोषणा झाली, त्याच वर्षी शिक्षणाबद्दलचं त्यांचं धोरण आलं आणि प्राथमिक शिक्षण सगळीकडे स्वाहिलीत गेलं. स्वाहिलीची राष्ट्रीय परिषदही त्याच वर्षीची. (आपली बालभारतीही 1967चीच. योगायोग आहे, पण मला तो आवडतो.) स्वाहिलीत काय मावतं हे दाखवायला न्येरेऱ्यांनी स्वतः शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' आणि 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' भाषांतरित केलं. राष्ट्राध्यक्षपद सांभाळून एवढं करणारा माणूस विरळा.

माध्यमिकला मात्र इंग्रजी तशीच राहिली. तेव्हा ते खपून गेलं, कारण माध्यमिकपर्यंत पोचणारी मुलं अगदी मूठभर. गाळून गाळून घेतलेली, निवासी शाळेत राहणारी, बऱ्याच ठिकाणी चांगलं इंग्रजी येणाऱ्या मास्तरांच्या हाताखालची. 1982मध्ये सरकारनंच नेमलेल्या आयोगानं सांगितलं की 1985पासून माध्यमिकही टप्प्याटप्प्यानं स्वाहिलीत न्या. सरकारनं ते केलं नाही. इंग्रजी सुधारायला ब्रिटनकडून पैसा आला, आणि इंग्रजी ही जगाची स्वाहिली आहे अशा अर्थाचं खुद्द न्येरेरेच बोलू लागले. मग 2004नंतर वॉर्डावॉर्डांत माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या, 2016मध्ये सरकारी माध्यमिकची फी गेली, आणि मूठभरांसाठी चालून गेलेली उडी लाखो मुलांना मारावी लागली. शिक्षकही याच उडीतून कसेबसे आलेले. ज्याला स्वतःला इंग्रजी वाक्य जुळवताना घाम फुटतो तो इंग्रजीतून रसायन शिकवतो म्हणजे काय करतो? फळ्यावर नोट्स लिहून देतो. मुलं त्या उतरवतात आणि पाठ करतात.

2015मध्ये जाहीर झालेल्या धोरणात स्वाहिली वरच्या वर्गांनाही वापरण्याची भाषा होती. स्टाफरूममध्ये त्यावर खूप चर्चा झाल्याचं जुने शिक्षक सांगायचे. फळ्यावर काही बदललं नाही.

आमची स्टाफरूम हाच एक भूगोलाचा तास होता. फिजिक्सचे सर केनियाचे, बायोलॉजीच्या मॅडम युगांडाच्या, अकाउंट्स शिकवणारे रवांडाचे, भूगोलाचे झांझिबारचे आणि मी कराडची. चहाच्या सुट्टीत मंदाझी खाता खाता वाद रंगायचा. मंदाझी म्हणजे जरा गोडसर फुगीर वडाच म्हणा. केनियात पहिले तीन वर्ग परिसरातल्या भाषेत आणि चौथीपासून इंग्रजी. शहरांत तर पहिल्यापासूनच. म्हणून केनियाच्या सरांचं इंग्रजी अस्खलित, आणि टांझानियाच्या मुलांना ते जरा हसायचेही. पण त्यांना गावाकडच्या आपल्या आईशी बोलताना शब्द शोधावे लागतात, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. युगांडात पहिली ते तिसरी स्थानिक भाषा, चौथीचं वर्ष सांधा बदलण्याचं आणि पाचवीपासून इंग्रजी. एक अख्खं वर्ष सांध्याला देतात ही गोष्ट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली. ते वर्ष प्रत्यक्षात कसं जातं हे विचारल्यावर मात्र मॅडम नुसत्या हसल्या.

रवांडाच्या सरांची गोष्ट वेगळीच. ते फ्रेंचमधून शिकले, पदवीही फ्रेंचमध्ये घेतली, फ्रेंचमध्ये शिकवू लागले, आणि 2008मध्ये सरकारनं ठरवलं की यापुढे शाळा इंग्रजीत. शिक्षक तेच, खडू तेच, भाषा बदला. पुढे 2011मध्ये खालचे वर्ग पुन्हा किन्यारवांडात नेले, 2019मध्ये पुन्हा इंग्रजीत आणले. सर शिकवायचे इंग्रजीत, हाजिरी स्वाहिलीत घ्यायचे आणि ताळेबंदाची बेरीज तोंडातल्या तोंडात फ्रेंचमध्ये करायचे. मला त्यांच्याबद्दल जवळीक वाटायची, कारण माझंही तेच. फळ्यावर इंग्रजी, पण गुणाकार आला की ओठांवर 'बारा सक बाहत्तर'. पाढे माणसाची भाषा बदलू देत नाहीत.

झांझिबारच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी चमकलेच. झांझिबार टांझानियाचाच भाग, पण शिक्षणाचा कारभार स्वतंत्र. तिथल्या 2006च्या धोरणानं पाचवीपासून फक्त गणित आणि विज्ञान इंग्रजीत नेलं, बाकी विषय स्वाहिलीत. मी म्हटलं, "याला आमच्याकडे सेमी-इंग्लिश म्हणतात." सर म्हणाले, "तुमच्याकडे जमलं का?" मी चहा ओतून घेतला.

आता अंड्यांचं सांगते. फॉर्म वनला नफा-तोटा असतो. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं मुलांच्या ओळखीची असावीत म्हणून मी बाजारातली घालायची. तिथं अंडी डझनावर नाही, ट्रेवर विकतात. एका ट्रेमध्ये तीस. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं: एका बाईनं प्रत्येकी 6,000 शिलिंगनं अंड्यांचे 12 ट्रे घेतले. एक ट्रे फुटला. एकूण 10 टक्के नफा व्हावा म्हणून तिनं उरलेला प्रत्येक ट्रे किती शिलिंगला विकावा?

माना खाली गेल्या. वह्या तपासत फिरले तर बहुतेकांनी फळ्यावरचे आकडे उचलून जो दिसेल तो गुणाकार केलेला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं 12 गुणिले 6,000 गुणिले 10 केलं होतं आणि 7,20,000 खाली दोन रेघा मारून 'प्रॉफिट' लिहिलं होतं. हिची आई मोशीच्या बाजारात अंडीच विकते, हे मला ठाऊक होतं. शनिवारी मी तिच्याकडूनच ट्रे घ्यायची, आणि मुलगी सुट्टीत आलेली असली की गल्ल्यावर तीच असायची. सुटे पैसे परत देताना तिचं कधी शिलिंगही चुकलं नव्हतं.

तोपर्यंत भाजीवाल्यांकडून, डालाडालाच्या, म्हणजे तिथल्या मिनीबसच्या, कंडक्टरकडून आणि शाळेच्या मेट्रनकडून मी कामापुरती स्वाहिली उचलली होती. हिशेबाला हेसाबू, लेखणीला कलामू, पुस्तकाला किताबू. अरबीचं देणं त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही, त्यामुळे सुरुवात सोपी गेली. मी दाराकडे एकदा बघितलं आणि तेच गणित मोडक्यातोडक्या स्वाहिलीत तिला सांगितलं. तिनं छताकडे पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "एल्फू साबा ना मिया म्बिली." सात हजार दोनशे. बरोबर.

कसं काढलं विचारलं. तर म्हणे, फुटलेल्या ट्रेचे 6,000 वसूल करायचे आणि नफ्याचे 7,200, असे 13,200. ते उरलेल्या 11 ट्रेंवर वाटले की एकेकावर 1,200 चढतात. खरेदीच्या सहात ते मिळवायचे. मी पुस्तकी पद्धतीनं 79,200ला 11नं भागणार होते. तिची रीत माझ्यापेक्षा सुटसुटीत होती, आणि बाजारात उभं राहून तोंडी करता येण्याजोगी होती. तिचं ते उत्तर वर्गाला समजलं आणि वर्गात पहिल्यांदा कालवा झाला. मागचा एक मुलगा म्हणाला, फुटलेल्या ट्रेमधली सगळीच अंडी फुटत नाहीत, तडकलेली चपाती-मायाईवाल्याला (मायाई म्हणजे अंडी) स्वस्तात देता येतात, मग भाव कमी ठेवता येईल. हे तर मलाही सुचलं नव्हतं.

मग मी शोधत बसले की इंग्रजीत नेमकं अडलं कुठं. मला वाटत होतं, पारिभाषिक शब्दांवर. ते तसं नव्हतं. प्रॉफिट, पर्सेंट, ट्रायँगल हे शब्द मुलं आठवड्यात शिकतात. ते पाटीवरच्या नावासारखे असतात, एकदा कळले की कळले. मुलं अडतात 'ईच'वर, 'रिमेनिंग'वर, 'सो अ‍ॅज टू'वर. 'अ‍ॅट लीस्ट', 'अ‍ॅट मोस्ट', 'अनलेस', 'रिस्पेक्टिव्हली' यांच्यावर. हे शब्द कुठल्या पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत नसतात, कुणी ते फळ्यावर लिहून शिकवत नाही, आणि गणित सगळं त्यांच्यातच असतं. कोश करणाऱ्यांनी स्वाहिलीत आपलं काम केलेलं आहे. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राच्या संज्ञांचा कोश दार एस सलामच्या विद्यापीठातल्या संस्थेनं कधीच छापला. म्हणजे भाषेला शब्द नाहीत हे कारण कधी खरं नव्हतंच.

हे लक्षात आल्यावर माझी अकरावी आठवणं साहजिक होतं. मराठी माध्यमातून दहावी, गणितात चांगले गुण, आणि कराडच्या कॉलेजात पहिल्याच तासाला सर म्हणाले, 'लेट एक्स बी एनी एलिमेंट सच दॅट...' 'क्ष मानू' म्हणणारी आम्ही मुलं 'सच दॅट'शी जी थांबलो ती गणेशोत्सवापर्यंत. आमच्यात एक मुलगा होता, जवळच्या खेड्यातला, तालुक्यात गणितात पहिला आलेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आर्ट्सला गेला. 'त्याला सायन्स झेपलं नाही' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. काय झेपलं नाही हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मी वर्गात एक रीत बसवली. आधी उदाहरण स्वाहिलीत बोलायचं. मुलांनीच, मी फक्त ऐकायचं. सोडवायचं. मग सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्रजी वाक्य बांधायचं, 'ईच' कुठं बसेल, 'रिमेनिंग' कशाला चिकटेल हे भांडून ठरवायचं, आणि शेवटी पुस्तकातलं वाक्य वाचायचं. वेळ दुप्पट लागतो. अभ्यासक्रम मागे पडतो. पण दुसऱ्या सत्रापासून माझ्या वर्गातली मुलं इंग्रजी प्रश्न वाचून कोरी उत्तरपत्रिका देईनाशी झाली. आणि गंमत म्हणजे त्यांचं इंग्रजी सुधारलं, असं इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या.

हेडमास्तरांच्या कानावर गेलंच. शाळेत 'स्पीक इंग्लिश'ची पाटी होती. आवारात स्वाहिली बोलताना सापडलेल्यांची नावं प्रीफेक्ट वहीत लिहायचे, आणि शुक्रवारी दुपारी त्या मुलांना मैदानातलं गवत कापायला लागायचं. (केनियात वसाहतीच्या काळात मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना काय काय सोसावं लागलं ते गुगी वा थिओंगो यांनी लिहून ठेवलं आहे. साहेब गेला, वही राहिली.) हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गाचे गुण वाढलेत ते मला दिसतंय. पण पालक फी कशाची देतात?"

त्याचं उत्तर पालकदिनी मिळालं. मोशीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान असलेले एक पालक माझ्याकडे आले. मी उत्साहानं सांगू लागले की तुमचा मुलगा स्वाहिलीत विचार करून गणित किती छान सोडवतो. त्यांनी मला हात करून थांबवलं. "म्वालिमू, हिशेब त्याला मीच शिकवीन, दुकानात बसवून. इंग्रजी मला येत नाही, ती तुम्ही शिकवा."

यावर काय बोलणार? मोशी हे किलिमांजारो चढणाऱ्यांचं गाव. जगभरचे लोक तिथं येतात. डोक्यावर ओझं घेऊन डोंगर चढणारा पोर्टर स्वाहिली बोलतो, पुढे चालणारा गाईड इंग्रजी बोलतो. दोघांच्या दिवसाच्या कमाईतला फरक गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. ज्यांना परवडतं ते पालक मुलांना पहिलीपासूनच खासगी शाळेत घालतात. त्या शाळांना तिथंही 'इंग्लिश मीडियम' असंच म्हणतात, आणि सकाळी रस्त्यावर त्यांच्या पिवळ्या बसच बस दिसतात. मातृभाषेतून शिक्षण कसं चांगलं यावर सेमिनारमध्ये इंग्रजीतून बोलणाऱ्यांची मुलं त्याच बसमध्ये असतात. हे वाक्य टांझानियाबद्दल लिहिलंय, पण मराठी वाचकाला ते परकं वाटणार नाही. इंग्रजी हवी म्हणणाऱ्या पालकाला गुलाम वगैरे म्हणणं मला कधी जमलं नाही. त्याचा हिशेब पक्का असतो.

मुळात स्वाहिली तरी सगळ्यांची मातृभाषा कुठे आहे? मोशीच्या आसपासच्या केळीच्या बागांतली आजी चागा बोलते. खाली कोरड्या माळावरचा मसाई पोरगा 'मा' बोलतो आणि पहिलीत येतो तेव्हा स्वाहिलीही त्याला नवीच असते. त्याची एक उडी पहिलीत आणि दुसरी फॉर्म वनला. देशातल्या इतर भाषांना शाळेत जागा नाही. त्या बोलल्या तर देश फुटेल ही जुनी भीती. स्वाहिलीचा अभिमान बाळगणारे माझे सहकारी या विषयावर गप्प व्हायचे, जसे मेळघाटातल्या कोरकू मुलांचा किंवा नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या मुलांचा विषय निघाला की आपण मराठीचे अभिमानी होतो.

मग खरं शिकणं होत होतं कुठे? रात्रीच्या प्रेपला. निवासी शाळेत जेवणानंतर दोन तास अभ्यासाचे. उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि राजमा खाऊन मुलं वर्गात यायची. सुपरव्हिजनला मी असले की व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायची आणि आत बघायची नाही. फॉर्म थ्रीची मुलं फॉर्म वनच्या मुलांना घेऊन बसायची आणि दिवसभरातल्या सगळ्या विषयांचं हलक्या आवाजात स्वाहिलीत भाषांतर चालायचं. दिवसा सात शिक्षकांनी केलेलं काम रात्री मुलं पुन्हा पहिल्यापासून करायची. एखाद्या थोरल्या मुलाला तो धडा नीट कळलेला नसला की चूकही तशीच खाली उतरायची. ज्या मुलांना वसतिगृह परवडत नाही, जी वॉर्डाच्या सरकारी शाळेतून चार वाजता घरी जातात, त्यांना हा रात्रीचा वर्गही नाही.

फॉर्म फोरच्या राष्ट्रीय परीक्षेत गणित सक्तीचं आहे. त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण बरीच वर्षं वीस टक्क्यांच्या आसपास घुटमळत राहिलं. स्वाहिली विषयात बहुतेक मुलं पास होतात. निकाल लागला की वर्तमानपत्रांत तेच तेच यायचं: मुलं अभ्यास करत नाहीत, शिक्षक शिकवत नाहीत, गणिताची आवड निर्माण करायला हवी. प्रश्नपत्रिका कुठल्या भाषेत आहे याकडे क्वचितच कुणी बोट दाखवायचं. माझं मत तिथंच बनलं आणि नंतर बदललेलं नाही. वर्गाची भाषा धोरण ठरवत नाही, प्रश्नपत्रिका ठरवते. पेपर फक्त इंग्रजीत असेल तर राजधानीत कितीही ठराव करा, मास्तर फळ्यावर इंग्रजी नोट्सच लिहिणार. आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पेपर दोन भाषांत छापला, की दुसऱ्या दिवशी वर्गात दोन भाषा येतील, त्याही चोरून नाही.

नवऱ्याचं कंत्राट संपल्यावर आम्ही परत आलो. आता पुन्हा ज्युनिअर कॉलेजात शिकवते. वर्गात आता सेमीची मुलं जास्त आहेत. त्यांना 'ट्रायँगल' येतं, 'इक्वेशन' येतं, पालकांना वाटतं भाषेचा प्रश्न मिटला. मी पहिल्या आठवड्यात एक छोटी चाचणी घेते, गणिताची नाही, वाक्यांची: 'अ‍ॅट मोस्ट', 'अनलेस', 'रिस्पेक्टिव्हली'. सेमीची आणि मराठी माध्यमाची मुलं इथं सारखीच अडखळतात. त्यांना मी अंड्यांचं गणित घालते, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

आणि परीक्षांचं म्हणाल, तर दोन भाषांचा पेपर ही काही अशक्य गोष्ट नाही. 'नीट' 2017पासून मराठीतही आहे. मराठीचा पर्याय घेतला की पुस्तिकेत इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी छापलेलं मिळतं. 'जेईई मेन'ही मराठीत देता येते. आपल्याच राज्याच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीत देता येतं. गणिताचा पेपर तेवढा फक्त इंग्रजीत. ज्या विषयात एका 'ईच'वर सगळं उलटं होतं, नेमक्या त्याच विषयात. तो पेपर दोन भाषांत शेजारी शेजारी द्या, एवढीच माझी मागणी आहे. इंग्रजी काढू नका; बाजूला मराठी ठेवा. आणि अकरावीला शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांना विनंती: दिवाळीनंतर एखादं मूल वर्गातून गेलेलं दिसलं तर त्याला सायन्स झेपलं नाही असं रजिस्टरवर लिहिण्याआधी त्याला तोच प्रश्न एकदा मराठीत विचारून बघा.